दोन कानांचा प्याला

"पाळकसाहेब, ह्या लई बारीक हायेत," फिलीपकाका म्हणाले.

उपासनामंदिराच्या ओट्यावर खोकं उघडं पडलं होतं आणि मी लाकडाच्या भुशातून काचेच्या इवल्या इवल्या प्याल्या काढून सतरंजीवर मांडत होतो. काका समोर उकिडवे बसून पाहत होते.

"बारीकच असतात, काका. एकेकाची एकेक. शहरातल्या मंडळ्यांत आता सगळीकडे हीच पद्धत आहे."

"बरं." ते जरा पुढे झुकले. "मंग ह्या फिरवायच्या कशा?"

मी खोक्याच्या तळाचं लाकडी ताट काढून दाखवलं. गोल, अठ्ठेचाळीस भोकांचं. एकेका भोकात एकेक प्याली बसायची. शहरातल्या मोठ्या मंडळीनं नवा संच घेतला होता आणि जुना आम्हाला दिला होता. मीच पत्र लिहून मागितला होता. काकांनी दोन्ही हात पुढे केले. हात म्हणजे मनगटाच्या पुढे दोन थोटके तळवे, बोटं कधीच झडून गेलेली. त्यांनी ताट दोन्ही मनगटांवर घेतलं आणि उठायचा प्रयत्न केला. ताट एका बाजूला कललं, दोन प्याल्या सुटल्या. एक मी झेलली, दुसरी ओट्याच्या पायरीवर फुटली.

"राहू द्या काका. ताट मी फिरवीन."

"आन् म्या काय करू मंग, प्रभुभोजनाला?"

"तुम्ही बसा आता. बावीस वर्षं केलंत. जरा आराम करा."

काचा गोळा करायला मी केरसुणी शोधू लागलो तर काका म्हणाले, "तुमी नका हात लावू, कापंल. मला काय कळत न्हाई." आणि त्या थोटक्या हातांनी काचेचा तुकडा न् तुकडा कडेला सारून ठेवला.

हे करंजपूरच्या कुष्ठधामातलं. साल अठ्ठ्याहत्तर. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, पाळकांच्या सेमिनरीतून ताजाताजा निघालेला, आणि पहिलीच नेमणूक इथं झाली होती. मित्रांनी हार घातला होता. "शांतवन, तुझी खरी सेवा," म्हणाले होते. मीही मान डोलावली होती. दुसऱ्याच्या खांद्यावरचा क्रूस नेहमीच सुबक दिसतो. त्यांची नेमणूक पुण्यात आणि नाशकात झाली होती.

कुष्ठधामात चाळीसेक माणसं कायमची राहायची. रोग बरा झालेली, पण घरानं परत न घेतलेली. त्यांचं एक छोटं उपासनामंदिर होतं, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. आणि त्यांचा एक प्याला होता. असा प्याला मी दुसऱ्या कुठल्याही मंडळीत पाहिला नाही. पितळेचा, आतून कल्हई केलेला, आणि दोन्ही बाजूंना दोन भलेमोठे कान. कुष्ठधामातल्याच हरी तांबटानं तो आपली बोटं शाबूत होती तेव्हा घडवला होता. कानांतून मनगटं आरपार जातील एवढी जागा त्यानं मुद्दाम ठेवली होती. बोटांवाचून धरता येईल असा प्याला.

प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा तो प्याला फिरवायचं काम फिलीपकाकांचं. फिलीप त्रिभुवन. वय साठीच्या पुढे, पापण्या मिटत नसत म्हणून डोळे नेहमी पाणावलेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पांढरा सदरा घालत, कानांत मनगटं घालून प्याला उचलत आणि एकेकाच्या तोंडाशी नेत. "घे, शेवंता. घे, दगडू." थेंब सांडत नसे. घर गेलं, बायको गेली, मुलगा वीस वर्षांत एकदाही फिरकला नाही. त्या माणसाजवळ जगात एवढं एकच काम उरलं होतं. आणि मी त्यांना आराम करायला सांगितलं.

का, ते आता सांगतो. त्या मंडळीची रीत अशी होती, की सगळ्यांचं पिऊन झालं की प्याल्यात उरेल ते शेवटी पाळकानं प्यायचं. टाकायचं नाही. चाळीस माणसांच्या ओठांना लागलेला तो प्याला काका शेवटी माझ्यापुढे आणून धरत.

कुष्ठधामाच्या डॉक्टर मकासरेंनी पहिल्याच आठवड्यात मला समजावलं होतं. "यांच्या अंगात आता जंतू नाहीत, पास्टर. मी यांच्याबरोबर जेवतो. पंधरा वर्षं झाली." मला समजलं होतं. समजणं निराळं आणि प्याला तोंडाशी येणं निराळं. पहिल्या महिन्यात मी ओठ नुसते टेकवले, प्याला घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि उरलेला रस मागच्या दारातून कडुनिंबाच्या बुंध्यात ओतला. मग आत येऊन आशीर्वाद दिला. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तेच. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हा. नऊ महिने मी त्या झाडाला प्रभुभोजन दिलं. प्याला धुवायला काका मागाहून येत. तो त्यांना रिकामाच मिळे.

बायको कुमुद सहा महिन्यांची गरोदर होती. मी स्वतःला सांगत होतो की हे सगळं तिच्यासाठी, होणाऱ्या लेकरासाठी. शहरात त्या प्याल्या पाहिल्या आणि वाटलं, सुटलो. कुणाला काही सांगायला नको, कुणाचं मन दुखवायला नको, आणि वर सुधारणा केल्याचा मान. मोठा प्याला फडक्यात गुंडाळून मी कपाटात ठेवून दिला.

ईस्टरच्या रविवारी मंदिर भरलं होतं. बायकांनी क्रूसाला बोगनवेल बांधली होती. काका पांढरा सदरा घालूनच आले होते. नेहमी ते पुढे, टेबलाजवळच्या स्टुलावर बसायचे. त्या दिवशी सगळ्यांत मागे, दारापाशी बसले.

मी प्रभूचे शब्द म्हटले, भाकर मोडली, वाटली. मग ताट घेऊन पहिल्या रांगेत गेलो. पहिल्याच शेवंताबाई. त्यांनी दोन्ही तळवे जवळ आणून प्याली दाबली. प्याली वर आली, निम्म्यात निसटली, रस त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडला. "देवा," त्या पुटपुटल्या आणि खाली वाकून फरशीवरचे थेंब पदरानं टिपू लागल्या. शेजारच्या दगडूनं दातांनी प्याली उचलली. ती दातांतच तडकली. तिसऱ्यानं हातच पुढे केला नाही. म्हणाला, "पाळकसाहेब, माझं राहू द्या आज."

मग पुढचाही म्हणाला, "माझं बी."

मी ताट धरून उभा. ते खाली ठेवावं तर जागा नाही, पुढे न्यावं तर कुणी घेत नाही. करायचं काय ते मला कळत होतं. ताट कुणाकडे तरी द्यायचं, एकेक प्याली उचलायची, त्यांच्या ओठांना लावायची. माझी दहाच्या दहा बोटं धड होती. ती ताटाच्या कडेवरून सुटत नव्हती. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी फरशी दुभंगावी असं वाटलं.

कुमुद बायकांच्या बाजूनं उठली. पोट सावरत पुढे आली, तिनं ताटातली प्याली उचलली आणि शेवंताबाईंच्या हनुवटीला हात लावून त्यांना रस पाजला. तोंड पदरानं पुसलं. मग दगडूच्या ओठातून काच काढली. एकामागून एक, चाळीस माणसं. मी तिच्यामागे नुसता ताट घेऊन हिंडलो. शेवटी दारापाशी काका. तिनं त्यांना पाजलं तेव्हा ते म्हणाले, "देव तुझं भलं करो, बाय."

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, तो जुना प्यालाच काढा पुढच्या वेळी. यांना हे जमायचं नाही."

"तू असं सगळ्यांना हात लावत फिरलीस, तुझ्या अशा अवस्थेत..."

"माझ्या अवस्थेला काय झालंय? मकासरे डॉक्टरांच्या बाईंनी इथंच दोन मुलं वाढवलीत." तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "तुम्हाला भीती वाटते का?"

"छे," मी म्हणालो. "स्वच्छतेचा प्रश्न आहे."

चोराच्या मनात चांदणं. पुढचा आठवडाभर मला वाटत राहिलं की सगळे मला ओळखून आहेत. खरं तर कुणीच काही म्हणत नव्हतं. शेवंताबाई तर खूश होत्या. बाईसाहेबांनी हातानं पाजलं म्हणून चार जणींना सांगत होत्या. मग मीही ठरवलं, पाजायला कुमुद आहे, दवाखान्याचा कंपाउंडर आहे, भागेल. मोठा प्याला कपाटातच राहिला.

मे महिन्याच्या पहिल्या रविवाराआधी, शुक्रवारी, काका घरी आले. पायरीच्या खाली उभे राहिले. आत या म्हटलं तरी ते कधी आत येत नसत.

"सलाम, पाळकसाहेब. येक इचारायचं व्हतं."

"सलाम काका. विचारा की."

"रिबेकाबाय लेकीच्या बाळंतपणाला गेली. उद्या मनुका कोण उकळणार?"

आमच्याकडे द्राक्षरस म्हणजे मनुकांचा. शुक्रवारी रात्री भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, गाळून ठेवायच्या. ते काम स्वयंपाकघरातल्या रिबेकाबाईंचं होतं.

"कुणालातरी सांगतो."

"म्या करतो की," काका म्हणाले. "रिकामाच हाये. तेवढंच येक काम राहील टेबलाचं."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. काकांचं काम मी काढून घेतलं हे मला खुपत होतंच. आता त्यांनी स्वतःच दुसरं शोधलं होतं, आपसूक. मी म्हणालो, "वा काका, करा की. तुमच्याइतक्या मनानं कोण करणार?"

ते हसले. ईस्टरनंतर पहिल्यांदाच हसले.

आणि मी त्या कुष्ठधामाचा पाळक. स्वयंपाकघरात जाताना दाराशी लावलेली पाटी मी दहा महिने रोज वाचत होतो. ज्यांचे हात बधिर आहेत त्यांनी चुलीजवळ जाऊ नये. तिथल्या लहानात लहान माणसाला तो नियम पाठ होता. हाताला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून. काकांना माहीत होता. मला माहीत होता. त्या दिवशी दोघांनाही तो आठवायचा नव्हता.

रविवारी रस गोड झाला होता. कुमुद पाजत होती, मी ताट धरलं होतं. काका मागे दारापाशी बसून एकेकाचं तोंड बघत होते. त्यांनी उजव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलं होतं. मी ते पाहिलं. मनात आलं, सणासुदीला बांधलं असेल. माणसाला जे बघायचं नसतं त्याला तो कसलंही कारण शोधतो.

दहा दिवसांनी शेवंताबाई धावत आल्या. धावत म्हणजे त्यांच्या पायांनी जमेल तसं.

"पाळकसाहेब, फिलीपच्या खोलीतून वास येतोय. दार उघडत न्हाई त्यो."

मी, कंपाउंडर आणि डॉक्टर मकासरे गेलो. काका खाटेवर तापानं फणफणलेले. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि मी तोंड फिरवलं. तळव्याची कातडी गेली होती, आत काळं-हिरवं झालं होतं, आणि लाल रेघ कोपरापर्यंत चढली होती.

"कशानं भाजलं, फिलीप?" डॉक्टरांनी विचारलं.

"पातेलं उतरवलं."

"कधी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आठवत न्हाई," म्हणाले.

"चुलीवर तुला कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई. माझा म्याच गेलो."

मी तिथं उभा होतो. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की मी पाठवलं. मूग गिळून उभा राहिलो. डॉक्टर त्यांना ओरडत होते, "मग दाखवायला काय झालं होतं? लपवलंस कशाला?"

"दाखवलं आसतं तर तुमी ते बी काम बंद केलं आसतं," काका म्हणाले.

त्यांना दवाखान्याच्या खोलीत हलवलं. इंजेक्शनं सुरू केली. हात कापायची गोष्ट निघाली, पण डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले, "उशीर झालाय. विष अंगात भिनलंय. मूत्रपिंडं आधीच खराब होती. दोन दिवस, फार तर तीन." मी प्रार्थना केली. गुडघे टेकून केली, रडून केली. देवाजवळ मागत होतो आणि आतून कळत होतं की आपण आपल्या चुकीची भरपाई मागतोय. ताप उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी निरोप धाडला. प्रभुभोजन हवंय. आणि आपल्या प्याल्यातून हवंय.

मी कपाट उघडलं. फडक्यातला प्याला काळवंडला होता. कुमुदनं तो चिंच आणि राखेनं घासून लख्ख केला. रस गाळून दिला. मी निम्मा प्याला भरला. ती म्हणाली, "अहो, एवढा? त्यांना घोटसुद्धा गिळवत नाही."

"असू दे," मी म्हणालो. तिला सांगितलं नाही, पण मी ठरवलं होतं. काका एक घोट घेतील, आणि त्यांच्यामागून उरलेला सगळा प्याला मी पिणार होतो. त्यांच्यासमोर. दहा महिन्यांत जे केलं नाही ते आज करायचं. तेवढं एक तरी त्यांना द्यायचं.

खोलीत आम्ही तिघंच होतो. कुमुदनं काकांना उशीवर टेकवून बसवलं. मी शब्द म्हटले. भाकरीचा कण रसात भिजवून त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी तो गिळला. मग मी प्याला त्यांच्या ओठांशी नेला.

त्यांनी ओठ मिटले.

"आधी तुमी," ते म्हणाले.

"काका, पाळक शेवटी पितो ना. आपली रीत आहे."

"आज आधी प्या. माझ्यामागून प्यायला तुमाला जड जातं."

मी प्याला त्यांच्या ओठांपासून खाली घेतला.

"कडुनिंबाचं म्या कुणाला बोललो न्हाई," ते हळूच म्हणाले, जणू कुमुदनं ऐकू नये म्हणून. ती उशाशीच उभी होती. "प्याला धुवायला यायचो तवा मुंग्या दिसायच्या बुंध्याला. म्या वरून पाणी ओतायचो. लोकांस्नी दिसू नये म्हून."

दर महिन्याला. नऊ महिने. माझ्यामागून येऊन त्यांनी माझं पाप धुतलं होतं, आणि मी त्यांना बसा म्हटलं होतं.

"काका," मी म्हणालो, "मी आज तुमच्यामागून पिणार आहे. मनापासून. मला पिऊ द्या."

"कशाला? लेकरू यायचंय घरात. तुमच्या जिवाला घोर नको लागाया." त्यांना धाप लागली. "प्या आधी. मला येळ न्हाई."

ते तोंड उघडेनात. डोळे तेवढे माझ्यावर लावून बसले, न मिटणारे. मी वाट पाहिली, त्यांनीही पाहिली. त्यांच्याकडे वेळ कमी होता. शेवटी मी हरलो. प्याला माझ्या तोंडाला लावला आणि एक घोट घेतला, आधी, कोरड्या स्वच्छ कडेवरून.

मग त्यांनी डावं मनगट प्याल्याच्या कानात घातलं आणि प्याला स्वतःकडे ओढला. मी दुसरा कान धरला होता. ते प्यायले. थांबले, खोकले, पुन्हा प्यायले. रस हनुवटीवरून ओघळला तो कुमुदनं टिपला.

"बस काका. पुरे आता. थोडं राहू द्या."

त्यांनी मान हलवली. मी प्याला मागे घेऊ लागलो, पण मनगट कानात घट्ट अडकवलेलं होतं आणि त्या माणसात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. घोट घेत, दम खात, पुन्हा घोट घेत. निम्मा प्याला. प्रत्येक घोटाला त्यांच्या गळ्याची शीर ताठ होत होती आणि मी नुसता बघत होतो. शेवटी त्यांनी मान मागे टाकली आणि मनगट सोडवून घेतलं.

"बघा," ते म्हणाले, "तुमच्यासाठी काय ठेवलं न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. टेबलाचं काम नीट झालं की असायचं तसं.

ते दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. पण मला नेहमी आठवते ती त्या दुपारची गोष्ट. मी प्याला घेऊन व्हरांड्यात आलो. कुमुद मागून आली. तिनं विचारलं, "अहो, कडुनिंबाचं काय म्हणत होते ते?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चुलीचंही. ती तिथल्या बाकावर बसून राहिली.

मी भिंतीकडे वळलो. काकांचे ओठ जिथं लागले होते ती बाजू शोधली, तिथं तोंड लावलं आणि प्याला पुरता उलटा केला. बराच वेळ तसाच उभा राहिलो. एक थेंबही आला नाही.